जखमी कासवाची घरी घ्यावयाची काळजी: सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कासव गच्चीवरून पडले आहे, किंवा कुत्र्याने तोंडात धरले होते. पहिल्या अर्ध्या तासात काय करावे?

प्रथम कासवाला शांत, सावलीच्या जागी न्यावे आणि त्याच्याभोवती जमलेली माणसे बाजूला करावीत. उचलताना दोन्ही हातांनी कवचाच्या दोन्ही बाजूंना धरावे, पायाला धरून उचलू नये आणि उलटे-सुलटे करून पाहू नये, कारण तुटलेले हाड आत सरकले तर जखमेपेक्षा मोठी हानी होते. रक्त वाहत असल्यास निर्जंतुक गॉझ, ते नसल्यास धुतलेल्या सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे हलका पण सलग दाब द्यावा. दर मिनिटाला कापड उचलून पाहण्याचा मोह आवरावा, कारण नुकती धरलेली गुठळी त्याबरोबर सुटते.

रक्त थांबल्यावर जखम उथळ असेल तरच ती धुवावी. मेडिकलमध्ये मिळणारी नॉर्मल सलाइनची बाटली यासाठी उत्तम. माती-कचरा निघून गेला की पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण पाण्यात मिसळून, त्याचा रंग फिक्कट चहासारखा दिसू लागेल इतके पातळ करून लावावे. मात्र भेगेतून आतले मऊ, ओलसर मांस दिसत असेल, किंवा कासवाने श्वास घेतला की भेगेत बुडबुडे येत असतील, तर आत पाण्याची धार अजिबात मारू नये. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाला आतून जवळजवळ चिकटलेली असतात, त्यामुळे असे पाणी थेट त्यांच्यात उतरू शकते. अशा जखमेवर सलाइनमध्ये भिजवून पिळलेले गॉझ अलगद ठेवावे, त्यावरून सैल पट्टी गुंडाळावी आणि तडक डॉक्टरांकडे निघावे. कवचाचे तुकडे निसटले असतील तर तेही ओल्या गॉझमध्ये गुंडाळून सोबत न्यावेत, डॉक्टरांना कित्येकदा ते परत बसवता येतात.

कुत्र्याच्या दातांची खूण केवळ टाचणीच्या टोकाएवढी दिसत असली तरी तिला किरकोळ समजू नये. दाताबरोबर तोंडातले जंतू खोलवर गेलेले असतात आणि वरचे छिद्र मिटले तरी आत पू धरू लागतो. अशा कासवाला त्याच दिवशी दाखवावे.

कवच हे नखासारखेच असते ना? मग त्याला वेदना कशी होईल?

हा समज फार रुजलेला आहे आणि त्यामुळेच अनेक कासवे आठवडाभर विनाउपचार राहतात. कवचाचा सर्वांत वरचा पापुद्रा नखाच्या जातीचा आहे हे खरे, परंतु त्याखाली जिवंत हाड आहे. त्या हाडात रक्तवाहिन्या आहेत, चेता आहेत, आणि कासवाचा पाठीचा कणा व फासळ्या त्याच हाडाशी एकजीव झालेल्या आहेत. कवचाला तडा जाणे म्हणजे आपल्या पाठीचे हाड मोडण्यासारखे आहे. पडल्यानंतर मागचे पाय ओढत चालणाऱ्या कासवाच्या बाबतीत कण्याला इजा झाल्याची शंका म्हणूनच लगेच घ्यावी लागते.

कासव ओरडत नाही, विव्हळत नाही. ते मान आत घेते, डोळे अर्धवट मिटते आणि खाणे सोडते. ही त्याची वेदनेची भाषा आहे, आणि ती वाचायला आपणच शिकले पाहिजे.

भेगेत हळद भरली, तूप लावले, किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तडा बुजवला तर चालेल का?

नाही. या एका प्रश्नावर मी थोडे अधिक लिहितो, कारण बहुतेक कासवे पडण्याने दगावत नाहीत, तर त्यानंतर घरी केलेल्या अशा उपायांनी दगावतात, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

हळदीची पूड भेगेत जाऊन बसते, ओली होऊन तिचा लगदा होतो आणि डॉक्टरांना तो काढताना जखम पुन्हा खरवडावी लागते. तुपावर धूळ बसते, मुंग्या आणि माश्या येतात. गोंद किंवा नळाची गळती बुजवण्याचे सील हे तर सर्वांत घातक, कारण आत जंतू आणि वर झाकण अशी स्थिती होते. वरून तडा सांधलेला दिसतो, घरच्यांना समाधान वाटते, आणि आत हाड सडत राहते. डॉक्टरही कवच सांधण्यासाठी तार, स्क्रू किंवा विशिष्ट रसायन वापरतात, परंतु जखम पूर्ण स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यानंतरच, आणि अनेकदा मधली भेग औषध लावता यावे म्हणून मुद्दाम उघडी ठेवून.

आमच्या घरी डोळ्यामागे लाल पट्टा असलेले पाण्यातले कासव आहे. काही वर्षांपूर्वी ते दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली फरशीवर पडले आणि उजव्या कडेला बोटभर लांबीची चीर गेली. त्या वेळी एका दवाखान्यात चीर तिथल्या तिथे पक्की बुजवून दिली गेली आणि आम्हीही आभार मानून घरी आलो. नवव्या दिवशी त्या जागेला उग्र वास येऊ लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी सील कापून काढले तेव्हा आतून निघालेला पू पातळ नव्हता, तो पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होता. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू असाच असतो, तो आपोआप वाहून जात नाही, चिमट्याने काढावा लागतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्या नऊ दिवसांची हळहळ मला अजून वाटते.

सोलापुरात कासव कोणाकडे दाखवावे?

जनावरांचे प्रत्येक डॉक्टर कासवावर उपचार करतातच असे नाही, म्हणून घरून निघण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: आपण यापूर्वी कासव तपासले आहे का, आणि एक्स-रेची सोय आहे का. जिल्ह्याचे शासकीय पशुवैद्यकीय चिकित्सालय जवळ असल्यास रक्त थांबवणे, जखम स्वच्छ करणे आणि वेदनाशामक देणे एवढे प्राथमिक उपचार तेथे करून घ्यावेत. कवच सांधण्याची शस्त्रक्रिया लागणार असेल तर पुण्यातील विदेशी प्राण्यांचे डॉक्टर, शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे आधी चौकशी करून जावे.

पुण्याचा रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटरचा आहे. उन्हाळ्यात पहाटे निघावे. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून तळाशी घडी केलेली जुनी सुती साडी किंवा धोतर घालावे. टेरीचा टॉवेल वापरू नये. आपल्या सोलापुरी टॉवेलचा मला कितीही अभिमान असला तरी त्याच्या उभ्या फासांत कासवाची नखे अडकतात आणि ते पाय ओढून घेताना स्वतःला आणखी दुखावते. खोका मांडीवर किंवा पायाशी ठेवावा, एसीच्या झोतासमोर अथवा डिकीत ठेवू नये, आणि चहासाठी थांबल्यावर बंद गाडीत तर मुळीच सोडू नये.

आमचे कासव पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले आहे. डॉक्टरांकडे नेले तर अडचण येईल का?

ते भारतीय स्टार कासव आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची एकमध्ये आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वाधिक कडक बंदी आहे. ते घरी पाळणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. विहिरीत किंवा ओढ्यात सापडणारी आपल्याकडची पाण्यातली कासवेही पाळता येत नाहीत.

सोलापुरातील कित्येक घरांत असे कासव लक्ष्मी म्हणून, वडीलधाऱ्यांच्या श्रद्धेने, वर्षानुवर्षे मायेने सांभाळलेले असते हे मला ठाऊक आहे, आणि त्या मायेविषयी मनात अनादर नाही. तरीही कासवाच्या हिताचे म्हणून सांगतो, की भीतीपोटी त्याला कोनाड्यात लपवून ठेवणे आणि त्याची जखम चिघळू देणे हा यातला सर्वांत वाईट मार्ग आहे. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करून कासव त्यांच्या स्वाधीन करावे, त्याच्यावरील उपचारांचा मार्ग तेथूनच मोकळा होतो. रस्त्यात किंवा शेतात जखमी कासव सापडल्यास ते घरी ठेवून घेऊ नये. कायद्याप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांच्या आत वन विभागाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणे बंधनकारक आहे, आणि जखम पाहता तासाभरात कळवणेच योग्य.

आफ्रिकेतील सल्काटासारखे विदेशी कासव असेल तर २०२४ च्या नियमांनुसार परिवेश या शासकीय संकेतस्थळावर त्याची नोंदणी असली पाहिजे. डॉक्टरांकडे जाताना त्याची प्रत सोबत ठेवावी.

जखमेत अळ्या दिसत आहेत. कुत्र्याला देतात ते इंजेक्शन देऊन चालेल का?

कृपया हे उत्तर पूर्ण वाचावे. कुत्र्यांच्या आणि गुराढोरांच्या जखमेतील अळ्यांसाठी सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवासाठी विष आहे. त्याने कासवाचे स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो आणि कासव मरते. ते इंजेक्शनने, तोंडाने किंवा जखमेवर लावून, कोणत्याही प्रकारे देऊ नये. डॉक्टर गडबडीत असतील आणि सिरिंज भरू लागले तर नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे, "साहेब, यात आयव्हरमेक्टिन तर नाही ना?" चांगले डॉक्टर या प्रश्नाचा राग धरत नाहीत. अळ्या मारण्याच्या फवाऱ्यांपासूनही दूर राहावे, कारण त्यांतील कीटकनाशक उघड्या जखमेतून अंगात शोषले जाते.

अळ्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात, सलाइनने जागा धुवावी लागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे लागते, कारण अंड्यांतून नव्या अळ्या बाहेर पडलेल्या असतात. पावसाळ्यात जखमी कासव अंगणात ठेवूच नये. घरात ठेवल्यावरही त्याच्या टबावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे. एवढ्या साध्या कापडाने हे सगळे टळते.

उपचारांच्या काळात कासवाला घरात कसे ठेवावे?

कासवाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करून टिकवू शकत नाही. बाहेर जेवढी ऊब असेल तेवढ्याच वेगाने त्याचे पचन चालते, औषध कामी येते आणि जखम भरते. म्हणून साधारण २८ ते ३२ अंश तापमान हेही औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. एका मोठ्या प्लॅस्टिक टबाच्या एका टोकावर बल्ब लावावा आणि दुसरे टोक थंड राहू द्यावे, म्हणजे कासवाला आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडता येते. साधा थर्मामीटर कासवाच्या उंचीवर टांगावा, अंदाजावर विसंबू नये.

आपल्याकडे प्रश्न दोन टोकांचा आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री चांगल्याच गार होतात आणि फरशीवर ठेवलेले कासव दगडासारखे थंड पडते. त्या वेळी टबाखाली पोत्याची घडी आणि वीज गेल्यास कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली उपयोगी पडते. एप्रिल-मे मध्ये मात्र पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या टाकीशेजारी ठेवलेले कासव दुपारच्या दोन तासांत होरपळून मरू शकते. अशा दिवसांत बल्बची गरजच नसते. घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर, ओल्या पडद्याच्या जवळ टब ठेवावा. तोंडाला फेस येणे आणि पाय जोरजोरात मारणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत.

टबात माती, वाळू किंवा भुसा घालू नये, ते जखमेत जाते. वर्तमानपत्र किंवा साधा सुती कपडा घालावा आणि घाण झाला की तत्काळ बदलावा. सकाळी आठच्या आत वीसेक मिनिटे कोवळे ऊन द्यावे, पण ते खिडकीच्या काचेतून नव्हे, कारण हाडासाठी लागणारे किरण काच अडवते. जवळ सावली आणि जवळ माणूस, या दोन्ही गोष्टी असाव्यात. आपल्याकडच्या घारी आणि कावळे जखमी कासवाला सहज हेरतात.

पाण्यात राहणारे कासव कोरडे कसे ठेवायचे? ते मरणार नाही का?

मरणार नाही. कवचाची जखम उघडी असेपर्यंत त्याला कोरड्या टबातच ठेवतात आणि डॉक्टर परवानगी देतील तेव्हा दिवसातून अर्धा-पाऊण तास स्वच्छ, कोमट पाण्यात सोडतात. पाणी जखमेखालीच राहील इतके उथळ हवे. ही कासवे पाण्यातच घास गिळू शकतात, म्हणून खाणेही त्याच वेळी द्यावे. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि ते पिंपात साठवून वापरावे लागते. जखमी कासवासाठी पिंपाच्या तळाचे पाणी घेऊ नये, उकळून गार केलेले ताजे पाणी घ्यावे.

चार दिवस झाले, काहीच खात नाही. तोंड उघडून भरवावे का?

बळजबरीने भरवू नये. सुदृढ अंगाचे कासव काही दिवस उपाशी राहू शकते, त्याला अन्नापेक्षा आधी ऊब आणि पाणी लागते. थंड पडलेल्या कासवाच्या पोटात अन्न घातले तर ते पचत नाही, आत कुजते. आठवडा उलटूनही खाण्याकडे वळत नसेल तर डॉक्टर त्वचेखाली सलाइन देतात आणि गरज पडल्यास नळी घालून पातळ आहार देतात. नळी घरी घालण्याचा प्रयोग करू नये.

खाऊ लागल्यावर जमिनीवरच्या कासवाला हरळी, जास्वंदीची पाने व फुले, शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची पाने आणि काटे काढलेले फड्या निवडुंग द्यावे. शेवगा आणि निवडुंग दोन्ही आपल्या माळरानावर मुबलक आहेत आणि दोन्हींत हाडाला लागणारे कॅल्शियम भरपूर असते. पालक टाळावा, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. काकडीने पोट भरते पण अंगी लागत नाही. दूध-भाकरी, भात, बिस्किटे हे कासवाचे अन्नच नव्हे. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस टबात ठेवल्यास कासव गरजेप्रमाणे तो कुरतडते.

डॉक्टरांनी तीन दिवसांतून एकदाच इंजेक्शन लिहून दिले आहे. हे पुरेल का?

पुरेल. कासवाच्या शरीरातून औषध फार सावकाश बाहेर पडते, म्हणून सेफ्टाझिडिमसारखी प्रतिजैविके बहात्तर तासांच्या अंतराने दिली जातात. इंजेक्शने शक्यतो पुढच्या पायांत देतात, कारण मागच्या भागातले रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. ताप-अंगदुखीच्या आपल्या गोळ्या वाटून देऊ नयेत. मलम डॉक्टरांनी सांगितले तेच आणि पातळ थरात लावावे. कोर्स मध्येच थांबवू नये, मग कासव कितीही टवटवीत दिसो.

ते बरे होत आहे की खंगत आहे, हे कसे ओळखावे?

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा, त्यावर वाटी पालथी ठेवून कासव अलगद वर बसवावे आणि दर रविवारी, खाण्यापूर्वी, वजन वहीत लिहावे. त्याच वेळी जखमेचा एक फोटो त्याच अंतरावरून काढावा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना बदल जाणवत नाही, पण वही आणि फोटो तो दाखवतात. वजन दहा टक्क्यांहून अधिक उतरणे, जखमेला वास येणे, कडेचे खवले हलू लागणे, पोटाकडच्या कवचावर लालसर झाक येणे, नाकातून बुडबुडे येणे किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

कासव पूर्ण निपचित पडले आहे. गेले असे समजावे का?

घाई करू नये. थंड पडलेल्या किंवा धक्क्यात असलेल्या कासवाचा श्वास कित्येक मिनिटांच्या अंतराने येतो आणि हृदय अगदी मंद चालते. त्याला कोमट जागी ठेवून डॉक्टरांकडे न्यावे. त्यांच्याकडील डॉप्लर यंत्राने हृदयाचे ठोके ऐकता येतात. ती खात्री झाल्याशिवाय खड्डा खणू नये.

घरात लहान मूल आहे. काही धोका?

कासवाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, टब स्वयंपाकघराच्या मोरीत विसळू नये, वजनाची वाटी वेगळी ठेवावी, आणि पाच वर्षांखालील मुलांना ड्रेसिंगच्या वेळी लांब ठेवावे. मोठ्या मुलांना मात्र वजन लिहिण्याचे काम जरूर द्यावे.

बरे झाल्यावर सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडून दिले तर?

लाल पट्ट्याचे कासव अमेरिकेतले आहे. ते आपल्या तलावात सोडल्यास तेथील मूळ कासवांचे अन्न आणि उन्हाला बसण्याच्या जागा बळकावते, रोगही पसरवते. ते सोडू नये. सांभाळणे अशक्य झाल्यास जबाबदारीने सांभाळणारे दुसरे घर शोधावे.

तडा पूर्ण जुळायला किती दिवस लागतात, आणि खूण राहते का?

दिवसांत नव्हे, महिन्यांत मोजावे लागते. लहान तडा तीन-चार महिन्यांत धरतो, मोठा मोड भरायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि हिवाळ्यात प्रगती थांबल्यासारखी वाटते. प्रथम भेगेच्या तळाशी गुलाबी, मग पिवळसर-पांढरा थर दिसतो आणि तो हळूहळू टणक होतो. त्यावरचा जुना, मेलेला हाडाचा तुकडा वाळून काळपट पडतो आणि खालचे नवे हाड तयार झाले की स्वतःहून सुटतो. तो नखाने उचकटू नये. आमच्या कासवाचा असा तुकडा चौदाव्या महिन्यात, करंगळीच्या नखाएवढा, सकाळी टबाच्या कागदावर पडलेला मिळाला. खाली कोवळ्या खोबऱ्याच्या रंगाचे, हाताला किंचित खडबडीत लागणारे नवे कवच होते. तो रंग आजही आजूबाजूच्या हिरव्या नक्षीत मिसळलेला नाही, आणि मिसळणारही नाही. असा तुकडा गळून पडल्यास कागदात गुंडाळून त्यावर तारीख घालावी आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूवरून हाड स्वच्छ सुटले की अजून जंतू आहेत हे त्यांना समजते.